काशीला सोडलेलं कारलं

हौशीरामांनी कारल्याची भाजी बोटानं ताटाच्या कडेला सारली.

"मला वाढू नको म्हणून किती येळा सांगायचं? काशीला सोडलंय मी."

साळुबाईंनी ती भाजी आपल्या ताटात घेतली. नवऱ्याचं बोलणं खोटं नव्हतं. धाकट्या मुलाचं लग्न उरकल्यावर गावातून, पिंपरी पेंढारातून, काशीयात्रेची बस गेली होती, तीत दोघं होते. काशीला गेलं की आवडतं फळ नाहीतर भाजी गंगेला वाहून यायची आणि जन्मभर पुन्हा तोंडात घालायची नाही, अशी रीत. साळुबाईंनी बांधावरच्या सीताफळावर पाणी सोडलं. हौशीरामांनी ओंजळ भरली आणि घाटावरच्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "कारलं." जन्मात कारल्याला न शिवलेला माणूस! "लई मोठा त्याग केलास, राव," म्हणत बस गाव येईपर्यंत हसत होती. साळुबाईही हसल्या होत्या.

आता हसू येत नव्हतं. हौशीरामांना साखरेचा आजार जडून बरीच वर्षं झाली होती. पोट सुटलं होतं, गोळ्या वाढल्या होत्या, आणि चपलेच्या पट्ट्यानं अंगठ्याला झालेली जखम काही केल्या भरत नव्हती. त्यांचे थोरले भाऊ धर्माजी अशाच एका जखमेपायी अर्धा पाय गमावून ओट्यावर बसून असत. येणाऱ्याजाणाऱ्याला हाक मारत. साळुबाई त्या ओट्यासमोरून जाताना मान वर करत नसत.

ओतूरच्या डॉक्टरीणबाईंनी या खेपेला गोळ्या लिहून झाल्यावर साळुबाईंनाच जवळ बसवून घेतलं होतं. आता ताट बदललं नाही तर पाय हातचा जाईल, असं त्यांनी आडपडदा न ठेवता सांगितलं. गूळ बंद, भात थोडा. मेथी, शेवग्याचा पाला, हुलगे, कारलं रोज काहीतरी ताटात हवं. या कडू-तुरट भाज्यांच्या अंगात असं काही असतं की साखर रक्तात दमानं चढते, आणि पोट लवकर भरल्यानं भाकरीही एक कमी लागते. मात्र ते भाजी म्हणूनच खायचं. पेले भरून रस प्यायचा नाही, आणि त्याच्या भरवशावर गोळी तर मुळीच सोडायची नाही.

हौशीरामांनी सगळं ऐकून घेतलं आणि घरी येऊन नेमाची वाकळ तेवढी मोठी केली. मेथी म्हणजे कारल्याची मावसबहीण, शेवग्याचा पाला तिचा दीर. कडू म्हणून जे काही आहे ते सगळं आपण गंगामाईला देऊन बसलोय. देवाचा शब्द कसा मोडायचा? असं म्हणून चहात गुळाचा खडा टाकायला ते मोकळे.

थोरला मच्छिंद्र आईला म्हणाला, कारलं वाटून कणकेत मळ, आबांना कळायचंसुद्धा नाही. साळुबाईंनी ऐकलं नाही. सोमवार, चतुर्थी, सांजेचा दिवा यांत त्यांनी कधी खंड पडू दिला नव्हता. त्या एवढंच म्हणाल्या, "त्यांना फशिवता येईल रं. गंगेला कसं फशिवू?"

शेवटी त्या लंकाबाईंकडे गेल्या. गावातली ही म्हातारी काशीच्या त्या बसमध्येही होती. तिनं तांदूळ निवडता निवडता सगळं ऐकलं.

"नवऱ्याच्या पुण्यात बायकूचा अर्धा वाटा असतो ना?" ती म्हणाली.

"असतो की."

"मंग त्यानं सोडलंय त्यातबी तुझा वाटा हाय. त्याचा नेम तू पदरात घे, त्यो मोकळा. पर बघ बाई, घेतलं म्हंजी घेतलं. तुझ्या घरात कारलं खातंय तरी कोण, तुझ्याबिगर?"

साळुबाई उठून घरी आल्या. या घरात आल्यापासून आमटी सासऱ्यांच्या चवीची झाली, कालवण नवऱ्याच्या, पुढं मुलांच्या आणि आता नातवंडांच्या. कारल्याची लहान कढई तेवढी त्यांची. माहेरची चव. ती कुणी मागायचं नाही, त्यामुळं कुणाला विचारायचंही नाही. सकाळी उरलेली शिळ्या भाकरीशी खाताना दहा जणांच्या त्या घरात त्या घटकाभर एकट्या असत.

सोमवारी त्या ओतूरला गेल्या. कपर्दिकेश्वराला बेल वाहिला, मांडवी नदीत उतरून ओंजळीत पाणी घेतलं. ओंजळ जरा वेळ तशीच राहिली. मग बोटं सुटली.

घरी आल्या तेव्हा हौशीराम पाय उशीवर ठेवून पडले होते.

"तुमचं कारलं मी घेतलं," त्या म्हणाल्या. "आजपास्नं मी सोडलं, तुमचं सुटलं."

हौशीरामांना आधी नीट उमजलं नाही. मग ते हसायला बघू लागले. "असं कुठं असतं व्हय? देवाच्या दारात काय सातबारा हाय, नावावर करून द्यायला?"

"अर्धं पुण्य बिनकागदाचं मिळतंय. मंग ह्येबी मिळंल."

"अगं, पण तुला तर..."

"व्हय," साळुबाई म्हणाल्या. "आवडतंय." आणि पदरानं तोंड पुसून आत गेल्या.

त्या दिवशी संध्याकाळच्या चहाला हौशीरामांनी गुळाचा डबा मागितला नाही.

रात्रीची कारली साळुबाईंनी स्वतः चिरली. फोडणी दिली, शेंगदाण्याचा कूट पसरला. शिजत आल्यावर सवयीनं पळीतला थेंब तळहातावर घेतला, आणि हात तोंडाकडं जाता जाता राहिला. त्यांनी तो धुऊन टाकला.

हौशीरामांनी पहिला घास डोळे मिटून गिळला. दुसरा उघड्या डोळ्यांनी. मिठाचा कण इकडचा तिकडं झाला तर घर डोक्यावर घेणारा माणूस, पण आज मान खाली घालून चावत होता. शेजारी सून निर्मला बसली होती. तिनं घास घेतला आणि तोंड वाकडं केलं.

"आत्या, मीठच न्हाई की यात."

साळुबाई गडबडीनं बरणीकडं वळल्या.

"बस खाली," हौशीराम म्हणाले. "बरूबर हाय."

सून त्यांच्या तोंडाकडं बघत राहिली. त्यांनी भाकरीच्या तुकड्यानं उरलीसुरली भाजी पुसून घेतली, भिंतीला धरून उठले, आणि दुखरा पाय जपत आपलं ताट आपणच मोरीकडं घेऊन गेले.