पालखीचं अंगण

कुसुमबाईंचं अंगण अख्ख्या वाडीत मोठं. ते तसं का झालं हे आधी सांगायला हवं, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही.

शिमग्यात ग्रामदेवतेची पालखी घरोघर येते. ज्याचं अंगण ऐसपैस, त्याच्याकडे ती नाचते. ज्याचं चिमूटभर, त्याच्याकडे नुसती टेकते, ओटी घेते आणि निघते. कुसुमबाईंकडे वर्षानुवर्षं टेकतच होती. एका अंगाला घर, दुसऱ्या अंगाला व्हाळ म्हणजे सड्यावरून येणारा ओढा, मध्ये जेमतेम तुळशीपुरती जागा. शाळेत जन्म घालवलेली बाई, कुणापुढे हार जायची नाही, पण शिमग्यात पदराने डोळे टिपायची. "आपल्या दारात देव घटकाभर रमत नाही हो," असं नवऱ्याला, परशुरामअण्णांना ऐकवायची. शेवटी अण्णांनी व्हाळावरच स्लॅब टाकला. खाली पाण्याला एक मोरी ठेवली, वर झालं अंगण. ते घराच्या जोत्यापेक्षा चढं झालं, तेव्हा पाणी घरात उतरू नये म्हणून वरच्या बाजूला जांभ्या चिऱ्यांचा छातीएवढा गडगा घातला. ग्रामपंचायतीला विचारावं असं कुणाच्या मनातही आलं नाही. देवाच्या कामाला परवानगी कसली? हौसेला मोल नसतं म्हणतात. अक्कलही नसते, ते म्हणायचं राहून जातं.

त्या शिमग्यात पालखीचा पुढचा दांडा भागोजींच्या खांद्यावर होता. असे नाचले, असे नाचले, की ढोलवाला दमला पण भागोजी दमले नाहीत. "बाईनू, आता कसा खळा झाला!" अंगणभर हात फिरवत म्हणाले. बाईंनी त्या दिवशीही डोळे टिपले, पण आनंदाने. मग काय, वाडीत ज्याच्या त्याच्या दारी व्हाळावर स्लॅब पडू लागले.

भागोजींचं घर बाईंच्या वरच्या अंगाला, व्हाळाकाठच्या खोलगट जागी. गेल्या दिवाळीत त्यांच्यावरून वारं गेलं आणि डावं अंग लुळं पडलं. मुलगा बोटीवर नोकरीला. घरात भागोजी आणि सून मृणाली, दोघंच.

आता जुलैतली ती सकाळ. सड्यावरचं, त्या उघड्या कातळपठारावरचं पाणी दोन दिवस नुसतं कोसळत होतं. वरून बांबूचं एक अख्खं बेट उपटून आलं आणि मोरीच्या तोंडात गच्च बसलं. त्यावर केळी, प्लॅस्टिकच्या गोणी, कुणाच्या तरी गोठ्याचा पत्रा. झालं! मोरी बंद, वर गडगा, पाण्याने जायचं कुठे? ते मागे फिरलं आणि भागोजींच्या अंगणात शिरलं, मग पडवीत, मग उंबऱ्यावरून आत.

"बाई! ओ बाई!" मृणाली खिडकीचे गज धरून ओरडत होती. "पानी खाटेला लागलंय! म्हातारं उचलत नाय मला!"

बाई गडग्याशी धावल्या. गडग्याच्या पलीकडे पाणी त्यांच्या छातीला आलेलं, आणि अलीकडे त्यांचं अंगण पावसाने नुसतं ओलं. दोन हात लांब उभं राहून कुणीही सांगितलं असतं की सगळं पाणी या गडग्याने धरलंय. हा पडला तर तिकडचं पाणी उतरेल. आणि उतरून जाईल कुठे? खाली बाईंच्या घरात. पडवीतून माजघरात, माजघरातून स्वयंपाकघरात, मागच्या मातीच्या भिंती घेऊन परसात.

हे बाईंना दिसलं. स्वच्छ दिसलं. आणि त्यांनी मान फिरवली.

"अहो, स्लॅब फोडा!" त्या ओरडल्या. "स्लॅब फोडा, मोरी मोकळी होईल!"

अण्णा पहार घेऊन आले. शेजारचा रघू घण घेऊन आला, त्याच्या मागोमाग वाडीतला लवू. घाव घालायला लागले. पण काय तो स्लॅब! वर पंचवीस माणसं पालखी घेऊन उड्या मारणार म्हणून अण्णांनी दुप्पट लोखंड घालून घेतलेलं. घण आपटला की उलटा उसळून यायचा. कपचे उडत होते, भोक पडत नव्हतं. रघूने जेसीबीवाल्याला फोन लावला, तर आरे-वारेच्या रस्त्यावर झाड आडवं. लवूने कमरेला दोर बांधला आणि भागोजींना आणायला पाण्यात उतरला, तर पाण्याने त्याला असा काही गडग्यावर आपटला की ओढून काढेपर्यंत सगळ्यांची पाचावर धारण बसली. त्याच्या कपाळातून रक्त वाहत होतं.

आतून भागोजींच्या हाका येत होत्या. अर्ध्या तोंडाने मारलेल्या हाका, शब्द धड नाहीत, पण एक शब्द बाईंना लागत होता. "बाईनूऽ..."

बाई कानांवर हात ठेवून उभ्या राहिल्या. नुसत्या उभ्या नाही, देवाशी घासाघीस करत उभ्या. अजून थोडं बघू. स्लॅब फुटेल. फुटायलाच हवा. पाऊस उघडेल. बांबू आपसूक सुटेल. आतमध्ये देवघर आहे, वर्षाचा तांदूळ आहे, सासूबाईंनी सारवलेल्या भिंती आहेत, आणि या वयात आम्ही म्हाताऱ्यांनी जायचं कुठे? अण्णांकडे पाहिलं तर अण्णा बघेनात. खाली मान घालून पहार मारताहेत, मारताहेत. तेव्हा बाईंना कळलं की यांनाही दिसलंय. संसार एवढा केला, पण इतकं एकमताने दोघं कधी गप्प बसले नव्हते.

"बाई!" मृणालीचा आवाज आता चिरकला. "मान धरून ऱ्हायलेय मी त्यांची! हात गळाले माझे!"

आणि बाईंच्या आत काहीतरी तुटलंच. त्यांनी रघूच्या हातातला घण हिसकला. सत्तरीची बाई, तिला तो धड उचलेना, पण फरफटत गडग्याशी नेला.

"काय करतेस काय!" अण्णा ओरडले. "कुसुम, घर जाईल!"

"जाऊ दे मेलं! जळो ते घर आणि जळो ते अंगण! रघू, मार! इथे मार!"

तेव्हा रघूच्या ध्यानात आलं. गडगा तो केवढा, चिऱ्यावर चिरा नुसता मातीत बसवलेला. चार घावांत एक चिरा सरकला, त्यातून पाण्याची चूळ आली, आणि मग तोंड वासून सगळाच्या सगळा कोसळला. लवूने बाईंना दंडाला धरून बाजूला ओढलं. लालभडक पाणी अंगणावरून गेलं, पायऱ्या उतरून सरळ घरात शिरलं. आत भांड्यांचा खणखणाट झाला, मागची भिंत पडल्याचा आवाज झाला. बाईंनी तिकडे वळूनसुद्धा पाहिलं नाही. त्या वरच्या घराकडे बघत होत्या, पाणी खिडकीखाली उतरत होतं.

लवू आणि रघू आत गेले. आधी मृणाली बाहेर आली, भिंत धरत धरत. मग भागोजींना दोघांनी हातांवर आणलं, आणि आणताना त्यांनी घाई केली नाही. ते बघूनच बाई समजल्या.

भागोजींना त्याच अंगणात, पाणी न गेलेल्या एका कोपऱ्यात ठेवलं. रघूने आपलं इरलं त्यांच्यावर धरलं.

मृणालीला रडू फुटत नव्हतं. "घण आपटत होते तवर होते," ती पुन्हा पुन्हा सांगत होती. "गडगा पडायच्या जरा आधी मान जड झाली." मग तिने मान वर केली. बाईंचं घर तिला दिसलं, पुढून मागपर्यंत आरपार, आतून व्हाळ वाहतोय. ती उठली आणि वाकून तिने बाईंचे पाय घट्ट धरले.

"बाई, आमच्यासाठी सोताचं घर दिलात. कुनी देतं का वो असं? मी जल्मभर इसरनार नाय."

अण्णांनी बाईंकडे पाहिलं. त्यांच्या नजरेत एवढंच होतं, की कुसुम, आता बोलू नकोस. आणि किती सोपं होतं ते! घर तर गेलंच होतं. निदान पुण्य पदरात पडत होतं, आणि तेही वाडीसमोर.

"मृणाली, पाय सोड," बाई म्हणाल्या. "गडगा फोडायचा हे मला पहिल्यापासून दिसत होतं. घर वाचावं म्हणून मी त्यांना स्लॅबवर मारायला लावलं."

पोरीला आधी कळलंच नाही. ती तशीच पाय धरून वर बघत राहिली.

"पहिल्यापासनं म्हंजे?"

"तू पहिली हाक मारलीस तेव्हापासून."

"म्हंजे म्हातारं तुमास्नी हाका मारीत होतं, तवा..."

"तेव्हाही," बाई म्हणाल्या. "सगळं ऐकत होते मी."

मृणालीने पाय सोडले. उठून भागोजींच्या उशाला गेली, बाईंकडे पाठ करून बसली, आणि पदराच्या टोकाने त्यांच्या तोंडावरचा गाळ पुसायला लागली. बाई मदतीला म्हणून वाकल्या, तर तिने न बघताच त्यांचा हात बाजूला केला.