महादेवरावांच्या दुकानासमोरून

प्लॅन माझा होता आणि फर्स्टक्लास होता, हे आधीच सांगते. विज्ञान प्रदर्शनाच्या वेळी बाईंनी शिकवलं होतं: काय करायचं, कोण करणार, कधीपर्यंत, एवढं ठरवा, मग काम अडत नाही. आमचा पवनचक्कीचा नमुना पहिला आला आणि तेव्हापासून मी घरातल्या धुण्याभांड्यांचेसुद्धा प्लॅन करू लागले. आई वैतागली होती.

पण माझ्या मैत्रिणीचं, उत्तराचं, काम खरोखरचं होतं. आमची शाळा आठवीपर्यंतच. नववीसाठी लांब सदरच्या शाळेत जायचं, आणि तिच्या बाबांनी, महादेवरावांनी, सांगून टाकलं होतं, "रोज ने-आण कोण करंल? शिकली तेवढं पुष्कळ झालं."

उत्तराच्या काकाची जुनी सायकल घरात धूळ खात पडली होती. उत्तराला फक्त चालवता येत नव्हती. मग अडलं कुठं? मी आमच्या मागच्या भिंतीवर कोळशानं मोठ्या अक्षरात लिहिलं: उत्तरा उन्हाळ्याच्या सुट्टीत सायकल शिकेल. धरणार जयवंता, म्हणजे मी. आणि शेवटचं काम: बाबांच्या दुकानासमोरून चालवून दाखवायची.

"आईले आधी सांगू काय वं?" उत्तरानं विचारलं.

"काहून? त्या घाबरून नाही म्हणतील, मग बसशील रडत. एकदम दाखवू ना! पाहतच राहतील सगळे."

ती सायकलवरची धूळ पुसायला लागली. प्लॅन माझा होता ना.

सकाळी ऊन तापायच्या आत आम्ही मैदानावर जायचो. मी कॅरियर धरून पळायची आणि ओरडायची, "समोर पाह वं! चाकाकडं काय पाहून राहिली!"

"चाक निघून गेलं तं?"

"गेलं तं मी आणून देईन! समोर पाह!"

ती बेशरमाच्या झुडपात पडली, गुडघे फुटले, ओढणी साखळीत अडकून काळी झाली. पण मे संपायच्या आधीच ती एका हातानं चालवायला लागली. माझ्याहून छान. खरं सांगते.

मग आम्ही बाजारात गेलो. महादेवरावांचं भांड्यांचं दुकान, संध्याकाळची गर्दी. उत्तरा लांबून आली, घंटी वाजवत, मान ताठ, आणि दुकानासमोर इतकी सुंदर वळली की मी टाळ्याच वाजवल्या.

"महादेवराव, पोरगी सर्कशीत भरती केली काय गा?" एक गिऱ्हाईक म्हणालं.

सगळे हसले. महादेवरावही हसले. हातातलं पितळेचं पातेलं पुसत राहिले, खूप वेळ. मला वाटलं, जिंकलो!

पुढच्याच आठवड्यात ठरलं, उत्तरा उमरेडला आत्याकडे राहील. तिथं आत्याच्या घरी माग आहे, विणायला शिकेल.

मी धावत तिच्या घरी गेले. तिची आई, यमुताई, तांदूळ निवडत होत्या.

"काकू, तिला तर आता सायकल येते!"

"येते ना. मी कुठं नाही म्हणून राहिली." त्यांनी सूप खाली ठेवलं. "मले सांगतलं असतं तं, पोरी, रोज जेवताना थोडं थोडं त्यांच्या कानावर घातलं असतं. ते हो म्हणतात वं. पण घरात म्हणतात. बाजारात हसू झाल्यावर कसे म्हणतील?"

त्या रागावल्या असत्या तर मी भांडले तरी असते. मी भिंतीवरचं आठवून पाहिलं. त्यात यमुताईंचं नाव कुठंच नव्हतं.

उत्तरा गेली त्या दिवशी मी उमरेडच्या गाडीबरोबर सायकल हाणली. गाडी गर्दीत रेंगाळत होती तोवर बरोबर राहिले. मग तिनं वेग घेतला. खिडकीतून उत्तरा अर्धी बाहेर आली आणि माझ्याच आवाजात ओरडली, "समोर पाह वं! चाकाकडं काय पाहून राहिली!"

मी चाकाकडे पाहतच नव्हते.