शंभराचे एकशे तीन

निकिताचा प्रोग्राम संगणकात कण पकडणारं, थराथरांचं एक शोधक यंत्र उभं करायचा, त्यात कण सोडायचा आणि कणानं कोणत्या थरात किती ऊर्जा टाकली ते टिपायचा. पीएचडीचं हे काम सुट्टीत पेडगावच्या घरीही सोबत आलं होतं. अडचण एकच होती. शंभर एकक ऊर्जेचा कण सोडला की सगळ्या थरांची बेरीज एकशे तीन यायची.

"सगळे आकडे थोडे कमी करून टाक," तिच्यासोबत काम करणारा शंतनु फोनवर म्हणाला.

"ऊर्जा हवेतून येत नाही. चूक माझ्या कोडमध्ये आहे, ती मी काढणारच."

तिनं एकाच कणाचा पावलापावलानं माग घेतला. शेजारी तूर निवडणाऱ्या आईनं, सुमनबाईंनी विचारलं, "सकाळपासून काय शोधायलीस गं?"

"एक कण कुठं काय टाकून गेला ते बघायले."

दुपारी चूक सापडली. कणाचं पाऊल दोन थरांच्या सीमेवर संपलं, की तीच ऊर्जा दोन्ही थरांत नोंदली जायची. तिनं एक ओळ बदलली आणि कण पुन्हा सोडले.

"शंभर एकक सोडले, अठ्ठ्याण्णव आले!" ती ओरडली.

"आता दोन कमी भरायले की," आई म्हणाली.

"ते यंत्राच्या मागून निसटले, आई. ते पण मोजले, बरोबर दोनच हायेत."

तिनं शंतनुला कळवलं. तो हळूच म्हणाला, "ती ओळ मलाही पाठव. मी आकडे कमी करूनच भागवलं होतं."