आतली बाजू

मी एक जुना रंधा आहे. मित्रांनो, अशा गोष्टीत आधी जन्म सांगतात. माझा थोडक्यात सांगतो: लाकडाचा ठोकळा, त्यात तिरकं बसवलेलं पातं. झालं. मला आतल्या बाजूबद्दल बोलायचं आहे.

माझा सुतार शवपेट्या करायचा. पेटीला बाहेरून सगळेच रंधा मारतात. तो आतूनही मारायचा. तळहात फिरवून कुसळ शोधायचा, सापडलं की पुन्हा मला चालवायचा.

"आत कोण बघायला जातंय, दाजी?" त्याचा मेहुणा चिडवायचा. खिळे ठोकायचं काम त्याच्याकडे होतं.

"ज्याला उठायचंय तो बघेल," सुतार म्हणायचा. "शेवटच्या दिवशी देवाची हाक येईल, मेलेला माणूस कूस बदलून उठेल. तेव्हाच पाठीत कुसळ घुसलं तर काय म्हणेल?"

"म्हणेल, दाजींना बोलवा आधी!"

शेजारचा म्हातारा गेला. मधल्या भिंतीवरून जन्मभर भांडलेला. त्याची पेटी सुताराने सगळ्यांत गुळगुळीत केली. "कबरीतही शेजारीच असणार, उठल्यावर पहिलं तोंड याचंच दिसायचं," तो म्हणाला. "आतापासून गोडी बरी." मेहुणा पोट धरून हसला. मग हळूच त्यानेही आत हात फिरवून पाहिला.

हे माझे चांगले दिवस. ते आणखी सांगायला हवे होते, पण

सुताराची मुलगी तापाने गेली. शाळेत जाणारी, दोन वेण्यांची.

त्याने पेटी केली. बाहेरून सुरेख. आत मला नेलंच नाही. मला बाकावर आडवा ठेवून तो भिंतीकडे तोंड करून बसला.

त्याची बायको आली. तिने पेटीत हात फिरवला आणि झटकन मागे घेतला. बोटात कुसळ गेलं होतं.

"अहो, आतून राहिलंय."

"राहू दे."

"परक्यांच्या पेट्या लोण्यासारख्या, आणि आपल्या पोरीला हे?"

"ती उठणार नाही गं," सुतार म्हणाला. "मी हात धरून बसलो होतो तिचा. मला कळलंय."

बायकोने मला उचललं. मला कधी धरलंच नव्हतं तिने. मी अडखळलो, लाकूड ओरबाडलं.

भिंतीकडून आवाज आला, "लाकडाच्या रेषांच्या उलट चाललीयस. दुसरीकडून ढकल."

तेवढंच. तो उठला नाही.

"डाव्या कुशीवर झोपते ती," बायको म्हणाली आणि डावी फळी तासत राहिली. ती कशीबशी झाली, तोवर मेहुणा दारात येऊन उभा राहिला. न्यायची वेळ झाली होती. बाकीचं तसंच राहिलं.

त्यानंतर सुताराने मला धार लावली नाही. पेट्या तो अजून करतो, आतून खरखरीत. कुणी तक्रार करत नाही. रविवारी बायको चर्चमध्ये जाते, तो बाहेर पायरीवर बसून राहतो. कधीतरी ती एखाद्या पेटीत मला चालवून बघते. माझं पातं बोथट झालंय, मी नुसता घसरतो. ती मला पुसून जागेवर ठेवते.

मित्रांनो, हत्यारांना धार लावून ठेवा. गेलेला विश्वास परत येतो का, मला माहीत नाही. मला लाकडापुरतंच कळतं. पण आलाच, तर माणसाच्या हाती गंजकं पातं नको.

आणि पोरी, तुला हाक आलीच, तर डावीकडून ऊठ.