टीव्हीवरचं घर, रेडिओवरचं जहाज

आमच्या कंपनीची एकच गोष्ट तीन ठिकाणी चालायची. टीव्हीवर घर, रेडिओवर जहाज आणि फोनवर शेजारीण. घरात खलाशाची बायको, जहाजावर तो खलाशी, आणि शेजारीण रोज सकाळी लोकांच्या फोनवर दोघांच्या चुगल्या पाठवायची. नियम एकच: एकीकडे सांगितलं ते दुसरीकडे सांगायचं नाही. अख्खी गोष्ट हवी असेल तर तिन्ही दारं ठोठावा. रेडिओवरचं जहाज मी लिहायचे. मला बोट लागते, पण ते कुणी विचारलं नव्हतं.

घरी आई टीव्ही बघायची. बाबांची नजर अधू झाली होती. समोरचा माणूस म्हणजे त्यांच्या लेखी नुसता आकार. ते आतल्या खोलीत रेडिओ ऐकायचे. दोन्ही एकाच वेळी लागायचं, त्यामुळे दोघांना गोष्ट अर्धीच कळायची. उरलेली अर्धी विचारायची सोय नव्हती, कारण दोघं बोलत नव्हते.

त्याला कारण मावशी, आईची धाकटी बहीण. दोन वर्षांपूर्वी ती हॉस्पिटलात होती. दुपारी तिकडून फोन आला, "ताईला आजच पाठवा." फोन बाबांनी घेतला. जन्मभर टेलिफोन खात्यात लोकांचे फोन जोडून दिलेला माणूस, घरचा निरोप तेवढा विसरला. दुसऱ्या दिवशी सकाळी मावशी गेली. "लक्षातून गेलं," एवढंच ते म्हणाले, दूध आणायचं राहिल्यासारखं. तेव्हापासून आई त्यांच्याशी कामापुरतं बोलायची. ताट वाढलंय. दार लावून घ्या. दोघं कडाकडा भांडले असते तर बरं झालं असतं, भांडण निदान मिटतं. मला दोघांचाही राग यायचा, आणि मीही तोंडात मिठाची गुळणी धरून बसायचे.

एकदा टीव्हीवर बायकोला नवऱ्याकडून खोकं आलं. उघडलं तर रिकामं.

"रिकामं खोकं कुणी पाठवतं का?" आई टीव्हीलाच म्हणाली.

आतून बाबांचा आवाज आला. "रिकामं नव्हतं. शाल होती त्यात. बंदरावर काढून घेतली."

आईनं टीव्हीवरून नजर काढून आतल्या खोलीकडे पाहिलं. मग तिनं विचारलं, "कुणी?"

शाल मीच घातली होती त्या खोक्यात. मी मान खाली घालून जेवत राहिले.

त्या दिवसापासून जेवताना देवाणघेवाण सुरू झाली. आई घरातलं सांगायची, बाबा जहाजावरचं. आई खलाशावर चिडायची, बाबा त्याची बाजू घ्यायचे. "तुम्ही मेले सगळे सारखे," असं आई एकदा म्हणाली, तेव्हा बाबा चक्क हसले. फोनवरच्या शेजारणीच्या चुगल्या मी मुद्दाम कुणाला सांगितल्या नाहीत. त्यांचं दोघांचं बरं चाललं होतं.

मग आमचे साहेब मध्ये आले. त्यांना आम्ही मोजपट्टी म्हणायचो; गोष्ट चांगली की वाईट हे ते किती जणांनी पाहिली यावरून ठरवत. लोकांच्या तक्रारी आल्या होत्या की काही कळत नाही. मोजपट्टी म्हणाले, "आता सगळं सगळीकडे सांगायचं. टीव्हीवर जहाज दाखवा, रेडिओवर घर ऐकवा."

"मग तीन ठिकाणी कशाला सांगायचं?" मी विचारलं.

"लोकांच्या सोयीसाठी."

मी वाद घातला तो कलेच्या नावानं. आमच्या घरी काय होईल ते मीटिंगमध्ये कसं सांगणार? शेवटी मुकाट्यानं रेडिओवर घर लिहायला घेतलं.

पहिल्याच दिवशी आई ताटावर बसता बसता म्हणाली, "आज तिच्या सासूनं..."

"ऐकलं," बाबा म्हणाले.

दुसऱ्या दिवशी बाबांनी वादळाचं काढलं. "पाहिलं," आई म्हणाली. पुढे पुन्हा ताट वाढलंय, दार लावून घ्या. मला फार वाईट वाटलं. घरात जे काही जरा जुळून आलं होतं, ते मी पगार घेऊन मोडलं होतं.

असे काही दिवस गेले. एका संध्याकाळी जेवताना बाबा म्हणाले, "आज रेडिओवर वेगळंच काहीतरी होतं."

मी वर पाहिलं. आजचा भाग माझाच होता आणि त्यात इंजिन दुरुस्त करण्यापलीकडे काहीही नव्हतं.

"वेगळं काय?" आईनं विचारलं. तिनंही तोच भाग पाहिला होता.

"खलाशाकडे बायकोसाठी एक निरोप आला होता. तातडीचा. तो त्यानं दिलाच नाही."

आईचा हात ताटात थांबला. "विसरला?"

"तिला तसंच सांगितलं त्यानं. पण तो दुपारपुरताच विसरला होता. संध्याकाळी आठवलं त्याला. तेव्हा वाटलं, आता अवेळी कुठे तिला धावायला लावायचं, सकाळी सांगू." बाबांनी हातातला घास ताटात ठेवला. "सकाळी सांगण्यासारखं काही उरलंच नाही. मग विसरलो म्हणणंच सोपं वाटलं."

हे मला ठाऊक नव्हतं. आईलाही नव्हतं.

आईनं विचारलं, "मग ती काय म्हणाली?"

"ते रेडिओवर नव्हतं. टीव्हीवर असेल."

आईच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण ते तिनं आवाजात येऊ दिलं नाही.

"टीव्हीवर ती ताटावरून उठून गेली," ती म्हणाली.

बाबांनी तिच्या दिशेनं मान वळवली. त्यांना नीट दिसत नव्हतं. टेबलावरून हात चाचपत पुढे नेत त्यांनी विचारलं, "गेलीस का गं?"

"नाही," आई म्हणाली. "बसलेय."