धुरातली भागाबाई

माझी बायको भागाबाई गेली, तेव्हा तिचा एकच फोटो मागे राहिला. मीच काढलेला. शेतात कपाशीच्या काड्यांवर ती भरिताची वांगी भाजतेय, चेहरा धुरात. ती कुणाला दिसते का, हे मला बघायचं होतं. जळगावात तेव्हा सायबर कॅफे नवे होते. कॅफेवाल्या अमीनने तो फोटो इंटरनेटवरच्या हौशी स्पर्धेत टाकला.

आठवड्याने तो लोकांचे अभिप्राय वाचू लागला. "नाना, हा म्हणतो, चेहरा दिसत नाही, पुन्हा काढा."

"त्याला सांग, ती आता पुन्हा बसायची नाही."

पुढचा अभिप्राय फिनलंडच्या एका बाईचा होता. तिने दहापैकी दहा गुण दिले होते. "धूर सरेल म्हणून मी बराच वेळ बघत बसले," असं लिहिलं होतं.

मी पडद्याकडे बघतच राहिलो. भागाबाईची वाट बघणारा मी एकटाच, असं मला वाटत होतं.