तांदळात लिहिलेलं नाव

उमापूरचे धोंडप्पा शेटे तसे कुणाच्या बापाला भिणारे नव्हते. किराणा दुकानाच्या गल्ल्यावर मिशीला पीळ देत बसले, की भांडायला आलेलं गिऱ्हाईकसुद्धा निमूटपणे पावशेर शेंगदाणे घेऊन जायचं. पण सुई दिसली की या माणसाचं पाणी पाणी व्हायचं. गल्लीत कुणाला इंजेक्शन द्यायला डॉक्टर आला, तरी हे दुकान सोडून मागच्या परसात जाऊन बसत. आणि नेमक्या अशा माणसाच्या सुनेच्या डोक्यात रक्त तपासण्याचं शिक्षण घ्यायचं यावं, याला काय म्हणावं?

सून रुद्राणी. नवरा मृत्युंजय फौजेत, तिकडे ईशान्येला, जिथं बायकोला नेता येत नाही अशा डोंगरावर. बारावी सायन्स झालेली ही पोर पाच वर्षं उमापुरात तूरडाळ जोखत होती. बीडच्या एका संस्थेनं जवानांच्या बायकांसाठी प्रयोगशाळेच्या कोर्समध्ये थोड्या जागा ठेवल्या आहेत, फी माफ आहे, ही खबर मृत्युंजयनंच डोंगरावरून कळवली. त्या दिवसापासून रुद्राणीचं वजनाच्या काट्याकडे लक्ष राहिलं नाही. किलोभर साखर घेणाऱ्याला सव्वा किलो जाऊ लागली.

"आपल्या घरात अंडं शिजत न्हाई, गळ्यात लिंग हाय, आन् सून रक्ताच्या बाटल्या घिऊन बसणार?" धोंडप्पा मोबाइलमधल्या मुलावर कडाडले.

"आप्पा, हितं जवान जखमी झाला तर दवाखान्यात रक्तच तपासतेत. तूरडाळ न्हाई तपासत," मृत्युंजय म्हणाला.

नीलाबाई, म्हणजे धोंडप्पांच्या मंडळी, आतून ओरडल्या, "आन् माझी साखर बघायला मला गेवराईपस्तोर जीपमंदी कोंबून नेता, ते बरं चालतंय! त्यापरीस घरचीच टोचंल की बोट!"

तिघं एका बाजूला झाल्यावर धोंडप्पा काय करणार? कबूल झाले, पण सोबत मीच जाणार या अटीवर. मनात हिशेब वेगळा होता. कोणत्याही हापिसात कशावरून तरी अडतंच, आणि अडलं की सुनेला घेऊन गुपचूप परत यायचं. बीडला एसटीतून उतरल्या उतरल्या त्यांनी कपिलधारच्या महादेवाच्या दिशेला हात जोडले आणि काहीतरी अडू दे म्हणून साकडं घातलं. नवस बोलायला हा माणूस चिकट, त्यामुळे नारळसुद्धा कबूल केला नाही.

तरी अडलंच. संस्थेत टेबलामागच्या मॅडमनी कागद उलटेपालटे केले आणि चष्मा कपाळावर चढवला.

"मार्कशीट रोहिणी अमरनाथ होनराव यांची. फौजेच्या कागदांवर पत्नी रुद्राणी मृत्युंजय शेटे. आधारवर पण रुद्राणी. मग रोहिणी कुठंय?"

"मीच आहे मॅडम," रुद्राणी म्हणाली. "लग्नात नाव बदललं."

"कशावरून?"

आता कशावरून म्हणजे? लग्नात जसं बदलतात तसंच बदललं होतं. ताटात तांदूळ पसरले, मृत्युंजयनं अंगठीनं त्यात नवं नाव लिहिलं, करवल्या हसल्या, पेढे वाटले, झालं. नाव धोंडप्पांनीच निवडलेलं. मृत्युंजयच्या शेजारी रुद्राणीच शोभते, रोहिणी म्हणजे अगदीच मिळमिळीत, असं त्यांचं मत. ग्रामपंचायतीत लग्नाची नोंद करतानाही त्यांनी मोठ्या हौसेनं नवंच नाव सांगितलं. जुनं आणि नवं नाव जोडणारा एकही कागद नव्हता.

"म्हणजे पुरावा फक्त तांदूळ," रुद्राणीनं हे सांगितल्यावर मॅडम म्हणाल्या. "ते आहेत का?"

"त्याची दुसऱ्या दिवशी खिचडी केलती," धोंडप्पा प्रामाणिकपणे म्हणाले.

मागे रांगेतल्या बायका फिसकन हसल्या. धोंडप्पांना हसण्याचं काही वाटलं नाही, कारण आतून त्यांना गुदगुल्या होत होत्या. महादेव पावला! त्यांनी पिशवी उचललीसुद्धा. "चल बाई. नशिबात न्हाई. आपलं दुकान काय वाईट हाय?"

रुद्राणी जागची हलली नाही. रडलीही नाही, नुसती मार्कशीटकडे बघत राहिली. तेवढ्यात मॅडम सहज बोलून गेल्या, "असं फार होतं हो. दुसरीच्याच मार्कशीटवर सुनेला आणून उभं करतात लोक."

झालं! धोंडप्पांच्या मिशा थरथरल्या. मॅडम आणखी पाच मिनिटं गप्प बसल्या असत्या, तर हा माणूस आनंदानं एसटीत बसला असता.

"कुणाला बोलता? आमी चोर हाव का? ही पोर बघायला मी सोता गेलतो! हिच्या बापानं भिंतीवर लावलेली हिची बक्षिसं मी सोत्ताच्या डोळ्यांनी बघितली! ही तीच रोहिणी हाय. तीच! नाव मी बदललं, पोरगी न्हाई बदलली!"

"मग तसं प्रतिज्ञापत्र करून आणा. दुपारी यादी वाचणार. तीनदा पुकारू, हजर नसेल त्याची जागा पुढच्याला."

इज्जतीचा सवाल होता. धोंडप्पा तरातरा कोर्टाच्या आवारात गेले, टाइप करणाऱ्याच्या डोक्यावर उभं राहून मजकूर सांगितला, नोटरीसमोर शपथ घेतली, ठसठशीत सही ठोकली, रिक्षानं परत येऊन कागद मॅडमच्या टेबलावर आपटला आणि बाकावर येऊन बसले. घाम पुसता पुसता त्यांच्या लक्षात आलं की आपण हे काय करून बसलो. अडलेलं गाडं आपणच धक्का मारून पुढं ढकललं! स्वतःच्या मूर्खपणाचा त्यांना असा संताप आला की शेजारच्या गृहस्थांनी तंबाखू पुढं केली तीही नाकारली. समोरच्या खोलीत टेबलावर रबरी हात मांडून ठेवले होते आणि एका हातात चक्क सुई रुतलेली होती. धोंडप्पांनी मान भिंतीकडे फिरवली.

यादी सुरू झाली. शिपाई दारात उभा राहून मार्कशीटवरची नावं वाचू लागला. एकेक बाई लगबगीनं उठून आत जात होती. रुद्राणी बाकाच्या टोकाला ताठ बसली होती, पदर मुठीत, सगळा जीव कानांत.

"रोहिणी अमरनाथ होनराव!"

कुणी उठलं नाही.

धोंडप्पांनी सुनेकडे पाहिलं. ती तशीच बसलेली, शिपायाच्या तोंडाकडे टक लावून, पुढच्या नावाची वाट बघत.

"रोहिणी होनराव! हाय का कुणी?"

पोरीनं उलट मान वळवून मागं पाहिलं, ही कोण बाई एवढी चांगली जागा घालवतेय म्हणून. धोंडप्पांना उमगलं. तिला ऐकू येत होतं, पण ती रुद्राणी शेटेची वाट बघत होती; पाच वर्षं कुणी हाक न मारलेलं ते नाव तिच्यासाठी कुणा दुसऱ्याच बाईचं होतं. आणि गप्प बसलं की झालं. एकदाच आणखी पुकारणार, मग संपलं. ना भांडण, ना मुलाचा राग, ना घरात सुया. संध्याकाळच्या गाडीनं उमापूर. कुणालाही त्यांना दोष देता आला नसता.

धोंडप्पांनी जीभ दाताखाली धरलीही. पण नजर काही हलेना. इतकं कान देऊन बसलेलं माणूस त्यांनी आजवर पाहिलं नव्हतं, आणि तरी तिला स्वतःचं नाव सापडत नव्हतं. आपण ते केवढ्या हौसेनं, पेढे वाटून, पुसून टाकलं होतं. त्यांना फार वाईट वाटलं. लाजही वाटली, आणि लाज वाटण्याची सवय नसल्यानं ती जरा जास्तच लागली.

"रोहिणी होनराव, तिसरी अन् शेवटची..."

"हाजीर हाय!" धोंडप्पा असे गरजले की शिपायाच्या हातून यादी पडली. "रोहिणी! आगं ऊठ की, बाई! तुलाच बोलवायलेत!"

ती दचकली. सासऱ्यांच्या तोंडून हे नाव तिनं कधीच ऐकलं नव्हतं. क्षणभर त्यांच्याकडे पाहत राहिली, मग डोळ्यांत पाणी आणि ओठांवर हसू एकदमच आलं, आणि ती पळत आत गेली. चपला बाकाखालीच राहिल्या.

शेजारचे तंबाखूवाले गृहस्थ कौतुकानं म्हणाले, "सून का? नाव लई गोड ठिवलंय तुमी."

धोंडप्पांनी खाली वाकून चपला उचलल्या आणि मांडीवर घेतल्या.

"मी न्हाई ठिवलं," ते म्हणाले. "ते तिचंच हाय."